बाहुलीत सरकणारी तिरीप

डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत काही मिनिटं अशी जातात की आपल्याला कुणी काहीच विचारत नाही. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला अजून सांगितलेलं नसतं. तपासणारा माणूस हातभर अंतरावर स्टुलावर बसतो, दांड्याचं एक लहानसं उपकरण स्वतःच्या डोळ्यापाशी धरतो आणि त्यातून निघणारी प्रकाशाची उभी पट्टी आपल्या डोळ्यावरून हळूच फिरवतो. मग मध्ये एक भिंग धरतो, पुन्हा पट्टी फिरवतो, भिंग बदलतो. एवढ्यात त्याला आपल्या चष्म्याचा नंबर बराचसा कळलेला असतो आणि आपण तोंडातून अवाक्षरही काढलेलं नसतं.

या उपकरणाला रेटिनोस्कोप म्हणतात. सहा महिन्यांच्या बाळाचा नंबर काढायचा तर हाच हमखास उपयोगी पडतो, कारण बाळाला ‘हे स्पष्ट दिसतं की ते’ असं विचारता येत नाही. पट्टीचा प्रकाश डोळ्यात शिरतो, मागच्या दृष्टिपटलावर पडतो आणि तिथून परत बाहेर येतो. तपासणाऱ्याला बाहुलीत नारिंगी-लाल तिरीप दिसते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळे लाल दिसतात, ती लाली आणि ही एकच. पट्टी उजवीकडे सरकवली की बाहुलीतली तिरीपही सरकते. ती पट्टीच्या बरोबरीने उजवीकडे गेली तर एक अर्थ, उलट डावीकडे गेली तर दुसरा. उलट जाते ती साधारण दीडपेक्षा जास्त मायनस नंबर असलेल्या डोळ्यात. तिथे परतणारे किरण तपासणाऱ्यापर्यंत पोचायच्या आतच वाटेत एकमेकांना ओलांडतात, म्हणून डावं-उजवं होतं. नंबर मोठा असला तर तिरीप अंधूक आणि सुस्त असते. योग्य भिंग जवळ येत गेलं की ती उजळते, रुंदावते, भरभर पळते, आणि नेमकं भिंग लागलं की सरकायचीच थांबते. सगळी बाहुली एकदम उजळते, एकदम विझते. तपासणारा ६७ सेंटीमीटरवर बसला असेल तर त्या अंतराचे दीड वजा करायचे. मायनस अर्ध्याच्या भिंगाने तिरीप थांबली, तर नंबर मायनस दोन.

फर्डिनांद क्विन्ये नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८७३ साली ही पद्धत मांडली. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरून येतो, असा त्याचा समज होता, आणि पद्धतीचं नावही त्याने त्यावरूनच ठेवलं. समज चुकीचा होता, पण तिरिपीची दिशा त्याने अचूक टिपली होती. ती पद्धत आजही चालते.

ही दिशा मला एका अगदी वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरात पुन्हा भेटली. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा तज्ज्ञ, व्हायचं तर आधी कॉलेजचं शिक्षण, मग ऑप्टोमेट्रीच्या शाळेत चार वर्षं, मग ‘ओडी’ ही पदवी. त्या शाळेत प्रवेश मागणाऱ्या मुलाचा जीपीए कमी असेल, २.७ म्हणा, तर त्याने अर्ज भक्कम कसा करायचा? प्रवेश मिळालेल्या वर्गांची सरासरी पुष्कळ शाळांत ३ आणि ४ च्या मधोमध कुठेतरी असते. तिथून पाहिलं तर २.७ फार खाली वाटतो. मी हा प्रश्न खणायला लागलो तेव्हा वाटलं होतं, उत्तर म्हणजे चार सूचनांची यादी असेल. निघालं ते सरासरीचं गणित, आणि ते रेटिनोस्कोपइतकंच विलक्षण आहे.

आधी जीपीए म्हणजे काय ते पाहू. अमेरिकी कॉलेजात प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात आणि प्रत्येक श्रेणीला गुण: ‘ए’ला ४, ‘बी’ला ३, ‘सी’ला २, ‘डी’ला १, ‘एफ’ला शून्य. गुणांना क्रेडिटने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा, एका मुलीचे तीन वर्षांत ९० क्रेडिट झाले आणि जीपीए २.७ असेल, तर खात्यात २४३ गुण आहेत. आता मुलगी जागी झाली, चौथ्या वर्षी ३० क्रेडिट घेतले आणि प्रत्येक विषयात ‘ए’ मिळवला. १२० गुण नवे. एकूण ३६३ गुण, १२० क्रेडिट. भागाकार ३.०२५.

वर्षभर एकाही विषयात ‘ए’च्या खाली गेली नाही, आणि आकडा हलला जेमतेम एक तृतीयांश गुणाने. आणखी पुढे चला. याच मुलीला ३.३ गाठायचा असेल तर सगळे ‘ए’ असलेले किती क्रेडिट लागतील? सुमारे ७७. म्हणजे अडीच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास, तोही एकदाही न घसरता. सरासरी अशी असते: जुनं ओझं भागाकाराच्या खालच्या मजल्यावर बसून राहतं आणि वर येणाऱ्याचा पाय ओढतं. पहिल्या वर्षी ३० क्रेडिटवर २ असणाऱ्या मुलाला पुढच्या ३० क्रेडिटमध्ये सगळे ‘ए’ मिळाले तर तो थेट ३ वर येतो. म्हणून ज्याचा पाय पहिल्याच वर्षी घसरला त्याने आजच, याच सत्रात सावरावं. सत्रागणिक हे काम महाग होत जातं.

आपल्याकडे एटीकेटी माहीत नाही असं घर विरळाच. विषय राहिला, पुढच्या खेपेला सुटला, की बहुतेक घरांत तो विषय मागे पडतो. अमेरिकेतही बरीच कॉलेजं विषय पुन्हा घेतला तर जुनी श्रेणी बाजूला ठेवून नवीच मोजतात. पण ऑप्टोमेट्रीचे अर्ज ‘ऑप्टोमकॅस’ नावाच्या सामायिक खिडकीतून जातात, आणि तिथला हिशोब निराळा. तिथे दोन्ही खेपा धरल्या जातात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी ‘डी’ आणि मग ‘ए’ असेल तर कॉलेजच्या कागदावर ४ दिसेल, ऑप्टोमकॅसच्या हिशोबात त्या विषयाचे सरासरी अडीच. घरी काढलेला जीपीए आणि तिथे निघालेला जीपीए वेगळा आला की मुलं हादरतात. हा हिशोब अर्ज भरायच्या कितीतरी आधी स्वतः कागदावर करून पाहावा.

हीच खिडकी दुसऱ्या बाजूने उमेदवाराला मदतही करते. एकूण जीपीए तर ती काढतेच, पण विज्ञानाचा वेगळा, प्रत्येक वर्षाचा वेगळा, पदवीनंतर घेतलेल्या विषयांचा वेगळा, असे तुकडेही पाडून दाखवते. समजा दोन मुलांचा जीपीए ३.०. एक ४ वरून उतरत २ वर आला, दुसरा २ वरून चढत ४ वर गेला. सरासरीला या दोघांत काडीचाही फरक दिसत नाही, कारण बेरजेला क्रम नसतो. आधीचे गुण नंतर लिहा, उत्तर तेच. पण वर्षवार तक्ता उघडला की एकाची तिरीप डावीकडे पळताना दिसते, दुसऱ्याची उजवीकडे. निवड करणाऱ्यांना तीच दिशा पाहायची असते. अनेक आकड्यांमधून एकच आकडा काढताना सर्वांत आधी काय हरवत असेल तर त्यांचा क्रम, आणि माणसाच्या शिकण्याची सगळी गोष्ट त्या क्रमातच असते.

म्हणून जीपीए वाढवायच्या मागे लागण्यापेक्षा शेवटचे ३० ते ४० क्रेडिट कोणते आणि कसे, यावर सगळी शक्ती लावावी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ते विषय सोपे असून चालणार नाही. ऑप्टोमेट्रीच्या शाळा जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, सांख्यिकी असे विषय मागतात, पुष्कळ ठिकाणी जैवरसायनही. निवड समितीच्या मनातली भीती रास्त असते: पहिल्याच वर्षी प्रकाशशास्त्र, डोळ्याची रचना, शरीरक्रिया असे जड विषय एकदम अंगावर येतात, पुढे औषधशास्त्र, रोगनिदान, आणि मग राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा, जी पार केल्याशिवाय परवाना नाही. हे ओझं या मुलाला पेलेल का? एका सत्रात एकच विज्ञान विषय घेऊन मिळवलेला ‘ए’ त्याचं उत्तर देत नाही. एकाच सत्रात जैवरसायन, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन तिन्हींत ‘ए’ मिळवला, तर त्या कागदाकडे कुणालाही दुर्लक्ष करता येत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्याने पैसे वाया जातात. पदवीनंतर पदवीच्याच पातळीचे विषय घेतले तर त्यांचे गुण पदवीच्या जीपीएत मिसळतात. मास्टर्स केलं तर त्याचा जीपीए वेगळा काढला जातो, जुना २.७ आपल्या जागी तसाच राहतो. मास्टर्सचा उपयोग नाही असा याचा अर्थ नव्हे. जुना आकडा उचलायचा आहे की शेजारी नवा, वेगळा पुरावा उभा करायचा आहे, हे आधी ठरवावं आणि मगच फी भरावी.

नवा पुरावा म्हटला की ओएटी येते, ऑप्टोमेट्रीची प्रवेशपरीक्षा. विज्ञान, वाचन-आकलन, भौतिकशास्त्र आणि गणित असे चार भाग. गुण २०० ते ४०० च्या मापात, ३०० म्हणजे मधली रेघ. विज्ञानाच्या भागात ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. कॉलेजागणिक ‘ए’ची किंमत बदलते, एका ठिकाणचा ‘ए’ दुसरीकडच्या ‘बी’इतका असू शकतो, ही परीक्षा मात्र सगळ्यांना एकच. कमी जीपीएवाल्याला तिचं मोल यासाठीच जास्त. त्यातही भौतिकशास्त्राचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. आधीच्या प्रयत्नांचे गुणही शाळांना दिसतात, तेव्हा ‘एकदा देऊन तर बघू’ हा विचार सोडावा. तयारी पुरी झाल्यावरच नाव नोंदवावं.

भौतिकशास्त्र एवढं का, हे कळायला चार्ल्स प्रेंटिस माहीत हवा. न्यूयॉर्कचा हा चष्मेवाला मुळात अभियांत्रिकी शिकलेला. १८९० च्या दशकात त्याने डोळे तपासण्याचे तीन डॉलर घेतले आणि एका नेत्रवैद्याने हरकत घेतली: चष्मा विका, पण तपासणीचे पैसे मागणारे तुम्ही कोण? प्रेंटिस मागे हटला नाही. भिंगांचं गणित येतं त्याला त्या ज्ञानाचा मोबदला घ्यायचा हक्क आहे, असं म्हणत त्याने कायद्यासाठी लढा उभारला. १९०१ मध्ये मिनेसोटा राज्याने ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा केला, न्यूयॉर्कनेही पुढे केला. प्रेंटिसचा नियम जगभरच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतो: भिंगाचा मध्य बाहुलीपासून जितके सेंटीमीटर सरकला, त्याला नंबराने गुणा, तितका प्रिझम तयार होतो. पाच नंबराच्या चष्म्यात मध्य चार मिलिमीटर चुकला की दोन प्रिझम. एक मीटरवरची वस्तू दोन सेंटीमीटर सरकल्यासारखी दिसते. नवा चष्मा घातला आणि डोकं दुखायला लागलं, की कधीकधी या चार मिलिमीटरांचाच तो त्रास असतो. नाकावर बसलेल्या काचेत किती भूमिती भरलेली आहे!

हे सगळं पुस्तकात वाचण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि अर्जातली सर्वांत जिवंत बाजू तीच. ऑप्टोमेट्रिस्टच्या शेजारी उभं राहून काम पाहणं याला तिथे ‘शॅडोइंग’ म्हणतात. पुष्कळ मुलं तासांची संख्या वाढवतात; एकाच दवाखान्यात शंभर तास भिंतीला टेकून उभी राहतात. त्यापेक्षा चार वेगवेगळ्या जागा पाहाव्यात: एक छोटा खासगी दवाखाना, एक इस्पितळ, एक मुलांची तपासणी करणारा, आणि एक अशी जागा जिथे दृष्टी जवळजवळ गेलेल्या माणसांना उरलेल्या नजरेवर वाचायला, चालायला शिकवतात. शक्य असेल तर तंत्रज्ञ म्हणून नोकरीच करावी.

त्या नोकरीत पहिल्या आठवड्यात जे यंत्र हाती येतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हनुवटी टेकवा, कपाळ पुढे, आत बघा. लांबच लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा. फुगा आधी धूसर होतो, मग स्पष्ट. लहानपणी मला वाटायचं, फुगा दिसतो का हे ते तपासतायत. खरं तर यंत्र अदृश्य अवरक्त प्रकाश डोळ्यात टाकून, परत आलेल्या प्रकाशावरून नंबर मोजत असतं. फुग्याचं काम एवढंच, की डोळ्याला वाटावं आपण फार लांब बघतोय आणि आतल्या भिंगाभोवतीच्या स्नायूने ताण सोडावा. जवळ बघताना तो स्नायू आवळला जातो, भिंग फुगतं आणि नंबर चुकतो. धूसर करण्यामागेही तोच हेतू. रोज तीस माणसांना त्या फुग्याकडे बघायला लावणाऱ्या मुलीने हे एकदा विचारलं, समजून घेतलं, तर मुलाखतीत ‘ऑप्टोमेट्रीच का?’ या प्रश्नाला तिच्याकडे स्वतःचं उत्तर असतं. ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य समितीने हजारदा ऐकलेलं आहे. फुगा का धूसर होतो हे उत्साहाने सांगणारी मुलगी रोज भेटत नाही.

शिफारसपत्रांचंही तसंच. एक पत्र ऑप्टोमेट्रिस्टचं हवं, एक विज्ञानाच्या प्राध्यापकाचं. ज्या प्राध्यापकाच्या विषयात आधी ‘सी’ आणि पुन्हा घेतल्यावर ‘ए’ मिळाला, त्याच्याकडे पत्र मागायला मुलं लाजतात. पण त्याच्याइतका बदलाचा साक्षीदार दुसरा कुणी नाही. तो चढ त्याने स्वतः पाहिलेला असतो.

निबंधात कमी गुणांबद्दल लिहावं का? लिहावं, दोन-तीन वाक्यांत. काय घडलं, काय बदललं, त्यानंतरचे गुण काय सांगतात. घरी आजारपण होतं, आठवड्याला तीस तास नोकरी करत होते, की अभ्यास कसा करायचा तेच कळत नव्हतं, जे खरं असेल ते. मग पुढे जावं. सगळा निबंध खुलाशात घालवला तर वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं.

पुण्या-मुंबईत बी.ऑप्टोम. करून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे. इथल्या पदवीवर तिथे थेट परवाना मिळत नाही, ओडी करावीच लागते. परदेशी ऑप्टोमेट्रिस्टसाठी बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीसारख्या ठिकाणी कमी कालावधीचा अभ्यासक्रम आहे. इथले टक्के पाहून मात्र कुणी आधीच खचू नये. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे प्रथम वर्ग; अमेरिकेत शंभरपैकी ६० म्हणजे काठावर पास किंवा नापास. म्हणूनच गुणपत्रिकांचं रूपांतर करून देणाऱ्या संस्था टक्के जसेच्या तसे भाषांतरित करत नाहीत, इथल्या पद्धतीत त्या टक्क्यांना काय मान आहे ते बघतात.

आता एक गोष्ट, जी उत्साहात कुणी बोलत नाही. अमेरिकेत ऑप्टोमेट्रीच्या शाळा दोन डझनांच्या आसपास आहेत. त्यांतल्या काही कमी जीपीएच्या मुलांनाही घेतात, आणि चार वर्षांची फी सगळीकडेच भारी आहे. बहुतेक मुलं कर्ज काढतात. पाया कच्चा असताना प्रवेश मिळणं हे प्रत्येक वेळी सुदैव नसतं. दुसऱ्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाकडे पदवी नसते आणि कर्ज असतं. मान्यताप्राप्त शाळांना आपल्या विद्यार्थ्यांचा बोर्डाच्या परीक्षेतला निकाल जाहीर करावा लागतो. ‘मला कोण घेईल’ याच्या आधी तो निकाल वाचावा, आणि शाळेत शिकणाऱ्यांपैकी किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात तेही विचारावं. पुष्कळ शाळा अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात, म्हणून लवकर अर्ज करणं चांगलं. पण चढ अजून कागदावर उमटला नसेल, तर घाईने पाठवलेल्या अर्जापेक्षा वर्षभर थांबून पाठवलेला अर्ज मला शंभर पटीने शहाणपणाचा वाटतो.

तुमच्या घरात असा २.७ वाला कुणी असेल, तर या रविवारी त्याला शेजारी घेऊन बसा. गुणपत्रिका काढा, वर्षवार चार आकडे एकाखाली एक लिहा, आणि शेवटच्या ३० क्रेडिटचा जीपीए वेगळा काढा. मग त्याला जवळच्या ऑप्टोमेट्रिस्टकडे पाठवा, आणि काम संपल्यावर पाच मिनिटं रेटिनोस्कोपमधून बघू द्याल का, असं विचारायला सांगा. अंधारात, दुसऱ्या माणसाच्या बाहुलीत, ती नारिंगी तिरीप त्याला स्वतःला सरकताना दिसू द्या.